डावीकडचं स्टूल

"माझ्या कपाला हात लावू नकोस म्हणून सांगितलंय ना?"

"लावला नाही. धुतला."

"धुवायचाही नाही. मी धुतो."

"तुम्ही धुता, मग मी परत धुते. रंग उडाला बिचाऱ्याचा."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काटेकाकांच्या दुकानात पंधरा दिवस सकाळ उजाडायची ती अशी. काकांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले, गोळ्या सुरू झाल्या आणि काकांनी स्वतःच स्वतःला वाळीत टाकलं. कप, ताट, टॉवेल, सगळं वेगळं. भांडं उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय जागेवर ठेवायचं नाही. आपल्याला झालं ते झालं, काकूंना लागता कामा नये, एवढा एकच घोर. काकू म्हणजे त्यांची बायको. पट्टे बदलणं, सेल घालणं आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला तोंड देणं ही कामं तिची.

दुकान कसलं, आठ बाय सहाची डबी. काचेचं दार कायम लोटलेलं. मागच्या खिडकीला आतून कागद चिकटवलेला, त्यालाही वीस वर्षं होऊन गेलेली. छताला पंखा होता, पण त्याची पाती काढून माळ्यावर टाकली होती. कारण साधं होतं. खसखशीएवढा स्क्रू वाऱ्याच्या एका झुळकेनं टेबलावरून उडाला की म्हातारा माणूस अर्धा दिवस जमिनीवर रांगतो.

ही विद्या काका विशीत चुलत्याकडून शिकले. चुलता मोठा कारागीर आणि तितकाच तिरसट. त्याचा पहिला धडा चिमट्याचा नव्हता, खोकल्याचा होता. खोकला आला की मान डावीकडे वळवायची. उघड्या घड्याळावर थुंकीचा शिंतोडा उडाला तर पोलाद गंजतं. चुलता स्वतः तसाच खोकायचा, आणि त्याच्या डावीकडे हा पोरगा शिकायला बसलेला असायचा. पुढं चुलता खंगून गेला. घरचे दमा म्हणून सांगत.

सोळाव्या दिवशी दवाखान्यातली ताई दुकानात आली. पेशंटच्या आसपासच्या माणसांची चौकशी करायची हे तिचं काम. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती काकूंच्या स्टुलावर टेकली. काकांचा मास्क हनुवटीवर होता.

"मास्क खाली का, काका?"

"वर घेतला की भिंगावर वाफ धरते. मग काटा कुठला आणि माझं नाक कुठलं, कळत नाही."

बोलता बोलता त्यांना खोकला आला. सवयीनं मान डावीकडे गेली, थेट ताईच्या तोंडासमोर. तिचा मास्क होता म्हणून बरं. ती जागची हलली नाही.

"नेहमी इकडेच खोकता?"

"मग काय कामावर खोकू?"

"आणि या स्टुलावर कोण बसतं?"

काका चिमटा पुसत राहिले. काउंटरवरून काकू म्हणाल्या, "मी. अठ्ठावीस वर्षं."

ताईनं मग नीट फोड करून सांगितलं. हा आजार उष्ट्या कपातून लागत नाही, ताटातून नाही, हात लावून नाही. जंतू खोकल्याबरोबर बाहेर पडतो, हवेत तरंगतो आणि बंद खोलीत तासन् तास तसाच राहतो. "तोंड डावीकडे करा नाहीतर उजवीकडे, या डबीतली हवा तुम्हा दोघांना एकच. कप उकळत बसलात आणि खिडकी बंद ठेवलीत."

काकांनी चुलत्याचं विचारलं. ती म्हणाली, असू शकतं. जंतू अंगात वर्षानुवर्षं झोपून राहतो, माणूस थकला की उठतो. पण नक्की कुणाचं कुणाला लागलं, ते छातीठोकपणे सांगता येत नाही.

"काकू, तुम्हाला खोकला?"

"तिला काही नाही," काका म्हणाले.

"तीन आठवडे झाले," काकू म्हणाल्या. "मी बोळात जाऊन खोकते. ह्यांना आणखी एक घोर कशाला."

मनगटी घड्याळ कानाला लावून ते दिवसाला किती मागं पडतं हे सांगणारा माणूस. बायकोचा खोकला तेवढा त्याच्या कानावर आला नव्हता.

काकूंची थुंकी दवाखान्याच्या डबीतून तपासायला गेली, छातीचा फोटो निघाला. निकालाला तीन दिवस लागणार होते. काकांनी पहिल्या दिवशी घड्याळाची झाकणं उघडायच्या सुरीनं खिडकीचा कागद खरवडला. बिजागऱ्या गंजल्या होत्या, झडप लाथ घातल्यावर उघडली. त्याच दिवशी दोन स्क्रू उडाले, एक सापडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेचे वाडगे आणले आणि सुटे भाग त्यांच्याखाली झाकायला लागले. जुन्या स्प्रिंगचा तुकडा वाकवून मास्कला नाकावर चिमटा केला, तेव्हा कुठं भिंगावरची वाफ थांबली. ह्या सगळ्यात ते काकूंशी कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी ताई आली ती गोळ्यांची पाकिटं घेऊनच. वेळेवर कळलंय, ती म्हणाली. सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही, बरं वाटलं तरी नाही.

ती गेल्यावर काका म्हणाले, "माझ्यामुळं."

"इतक्या वर्षांत न मागता दिलेली ही पहिलीच वस्तू तुमची," काकू म्हणाल्या. पाण्याच्या घोटाबरोबर त्यांनी गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं. "काय कडू आहे हो. तुम्ही रोज गुपचूप गिळत होतात?"

काकांनी मान हलवली. त्यांनी उठून काकूंचं स्टूल उचललं आणि खिडकीला लावून ठेवलं.

"इथं गिऱ्हाईक दिसत नाही मला," काकू म्हणाल्या.

"ऐकू येईल."

तेवढ्यात दार ढकलून शाळेचे शिपाई आत आले. "काका, हेडमास्तरांचं घड्याळ चारला देतो म्हणाला होतात."

"बसा. दार उघडंच राहू द्या," काका म्हणाले. वाडगा बाजूला करून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.