पडक्या चर्चमागची बाव

आमच्या गावाच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला एक पडकं चर्च आहे. छप्पर कधीच गेलं. तीन भिंती उभ्या आहेत आणि त्यांच्या मागे एक बाव. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. समुद्र जवळ, म्हणून पाणी किंचित खारट. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. पण गावात लग्न असलं की आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी याच बावेचं. आम्हा ख्रिस्ती वाडीवाल्यांचंही आणि कोळीवाड्याचंही. ही रीत कुणी पाडली ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं, तोवर सगळं बरं चाललं होतं.

माझी शेजारीण कोळीण. एकाच वर्षी आम्ही दोघी सुना म्हणून या आळीत आलो. ती मासळी विकायला बसली, मी शाळेत शिकवायला लागले. तिच्या मुलीच्या लग्नात बँड वाजवत आणलेल्या पाण्याच्या हंड्याचा एक कान तिने धरला, दुसरा मी. माझ्या लेकीच्या लग्नातही तसंच व्हायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. माझ्या सासूबाईंची नजर गेली आहे, त्या खाटेवरच असतात. नातीचं लग्न ठरल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता: बावेच्या पाण्याची पहिली ओंजळ मी चाखणार, मग ते तिच्या डोक्यावर. घरातल्या थोरल्या बाईचा तो मान.

मग गावाला इतिहासाचा ताप चढला. कुणाच्या तरी मोबाईलवर आलं की चर्चच्या पायाखाली देऊळ होतं. झालं! शेजारणीच्या मुलाने मित्रांना घेऊन बावेच्या कठड्याला शेंदूर फासला आणि रोज संध्याकाळी तिथे आरती सुरू केली. आमची मंडळी मागे कशी राहतील? त्या भिंतींत वर्षातून एकदा सणाची मिस्सा, म्हणजे फादरांची सामुदायिक प्रार्थना, व्हायची, ती आता दर रविवारी झालीच पाहिजे म्हणत माझा दीर प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन पोचला. हा माझा दीर गावातल्या धडधाकट चर्चमध्ये फक्त नाताळला दिसतो, तोही बाहेर स्कूटरवर बसलेला. तिकडे शेजारणीचा मुलगा आरती मोबाईलमध्ये बघून म्हणायचा. यांना देव हवा होता असं मला एक दिवसही वाटलं नाही. भिंती हव्या होत्या, आणि त्याहून जास्त, त्या दुसऱ्याला मिळायला नको होत्या.

एका रविवारी आरतीवाले आणि खुर्च्यावाले समोरासमोर आले. खुर्च्या मोडल्या, दोघांची डोकी फुटली. मग सरकारला आठवलं की हे संरक्षित स्मारक आहे, आणि पुरातत्त्व खात्याचा साहेब चौकशीला आला. दोन्ही बाजूंनी जुनी माणसं साक्षीला काढली. दीर मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही शिक्षिका, तुमचं ऐकतील. कोळीवाडा इथलं पाणी कधीच नेत नव्हता एवढंच सांगा." तिकडे शेजारणीला तिच्या मुलाने हेच उलटं पढवलं होतं.

साहेबाने बावेपाशीच खुर्ची टाकली. शेजारणीला आधी विचारलं. तिने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमी दोगी नेतो, सायब. यांच्या लग्नालाबी नि आमच्या लग्नालाबी ह्योच पानी."

मीही म्हटलं, "खरं आहे." मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसमोर तिचा हात धरला.

साहेबाने चष्मा पुसला. "म्हणजे दोन्हीकडचे लोक इथलं पाणी धार्मिक विधीला नेतात?"

"नेतात."

"मग वादाचं मूळ हेच आहे."

आरतीला मनाई आली, मिस्सेला मनाई आली आणि बावेवर लोखंडी जाळी बसून तिला कुलूप लागलं. आम्ही दोघी खरं बोललो, त्याचं हे फळ. त्या संध्याकाळी कोळीवाड्यात फटाके वाजले, चर्चवाल्यांना मिळालं नाही म्हणून. आमच्या वाडीतही वाजले, त्यांना मिळालं नाही म्हणून. माझ्या अंगाची आग झाली. जिच्या पाण्याने यांच्या आया न्हाल्या, ती बाव कुलपात गेली, याचं कुणालाच काही नव्हतं. सासूबाईंना सांगायचा मला धीर झाला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारीण मागच्या दाराने आली. मुलाने आमच्याकडे पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. "त्याला काय कलतं? हंड्याचा कान धरायचा हाय ना मला," ती म्हणाली. नळाला पाणी नव्हतंच, चिंचोटीकडून टँकर मागवला होता. बँडवाल्याने विचारलं, "मॅडम, वाजवत कुठे जायचं?" मी म्हटलं, "टँकरपर्यंत." दोन म्हातारपणाकडे झुकलेल्या बायका नव्या साड्या नेसून टँकरच्या पाईपखाली हंडा धरतायत आणि मागे बँड वाजतोय! टँकरवाला व्हिडिओ काढत होता.

घरात शिरताना शेजारणीने मला दाराशी थांबवलं. पदराची गाठ सोडली. मासळी खारवायचं जाडं मीठ होतं. त्यातली चिमूट तिने हंड्यात टाकली, हाताने ढवळलं, चाखलं, आणखी थोडं टाकलं.

सासूबाईंनी ओंजळ तोंडाला लावली. बराच वेळ जिभेवर घोळवली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हां," त्या म्हणाल्या. "आपल्या बावचाच पानी." आणि उरलेली ओंजळ त्यांनी चाचपडत नातीच्या डोक्यावर सोडली.

बाजारातून नुकत्याच परतून दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या दिराने ते ऐकलं. त्याचा चेहरा लाल झाला.

"कुलूप कुणी उघडलं?" त्याने मला विचारलं. "चावी कोळीवाड्याला मिळाली काय?"

शेजारीण उरलेलं मीठ पदराला बांधत होती.