फाडायचा कागद

१२ मार्च २०२५, बुधवार. सकाळी गॅसचा सिलिंडर आला. पुरणासाठी डाळ भिजत घातली, कारण खालच्या मजल्यावरच्या प्रेमलाची आज बढतीची मुलाखत होती.

प्रेमला मेश्राम नागपूरहून इथे दिल्लीतल्या द्वारकेला आली त्याला अठ्ठावीस वर्षे झाली. इथल्या विधानसभेच्या सचिवालयात ती समित्यांचे अहवाल लिहिते. जानेवारीत तिला वरिष्ठ कर्मचाऱ्यांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवले. तिथे प्रत्येकाने आपली एक उणीव कागदावर लिहून जोडीदाराला द्यायची आणि त्याने ती वाचून कागद फाडायचा, असे ठरले होते. प्रेमलाची जोडीदार देवयानी, रोज मेट्रोने सोबत जाणारी.

"काकू, काय लिहू?" तिने मला फोनवर विचारले होते.

"खरे तेच लिही," मी म्हटले. तिने लिहिले, 'सदस्यांसमोर बोलताना माझे हातपाय कापतात.'

आज पाच वाजता ती आली. बसलीच नाही.

"मुलाखत घेणाऱ्या साहेबांच्या हातात माझाच कागद होता, काकू. घड्यासुद्धा माझ्याच. म्हणाले, जिला बोलता येत नाही ती विभाग कसा चालवणार?"

"देवयानीने दिला?"

"आणखी कुणाकडे होता? तिचीही आज मुलाखत होती ना. बाहेर भेटली तर म्हणते, चलो यार, मेट्रो पकडू."

"मग?"

"पकडली. शेजारीच बसून आलो."

खरे लिही असे मीच सांगितले होते.

पुरण केले नाही. भिजवलेली डाळ वाटून फोडणीला टाकली.