चालू इंजिनाची तार

दुकानाच्या काउंटरवर जी काच आहे ती जीपच्या दाराची आहे. एका कडेला ती किंचित वळते, त्यामुळे तिच्यावर ठेवलेला पेन हळूहळू घरंगळत गिऱ्हाइकाकडे जातो. गेल्या वैशाखात हे गेले. आता दुकान दुसऱ्याला द्यायचं ठरलं आहे. नवा माणूस बघायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, एवढी काच तेवढी बदलून द्या." मी म्हटलं, काच मी घेऊन जाणार आहे. त्याला वाटलं मी चिडले.

ती काच तिथे कशी आली ते लिहायचं आहे. सावकाश लिहिते आहे, कारण त्यातलं बरंचसं मारहाणीचं आहे, आणि मारहाण भराभर लिहिली की खोटी वाटते.

अकोल्यात आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागून उस्तादांचं गॅरेज. मधली भिंत एकच. उस्ताद उंच, मेंदी लावलेल्या दाढीचे, आणि आवाज असा की भिंतीपलीकडून पाना मागितला तर आमच्याकडचे लोकही इकडेतिकडे शोधू लागत. हे हळू बोलणारे. दोघांचं रोज भांडण होई आणि रोज चहा एका किटलीतला. मी शाळेत मराठी शिकवायची आणि शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या स्टुलावर वह्या तपासत बसायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. खरेदी बंद पडली की गाड्यांची रांग रस्त्यावर यायची, मग रस्ता अडवला जायचा, मग दगड. एसटीच्या काचांचा चुरा सडकेवर जाड्या मिठासारखा पडलेला असे आणि आम्ही चपला उचलून उचलून चालत असू. माणसं पटकन हात उचलत. पानठेल्यावर, बसच्या दारात, घराघरात. वर्गात 'माझा आवडता सण' हा निबंध दिला तरी दोन-तीन वह्यांत लाठीमार येई.

त्या काळात दर्यापूरकडच्या, कापसाच्या जिनिंगचा कारखाना असलेल्या एका शेठनी त्यांच्या वडिलांची मोटार उस्तादांकडे ओढत आणली. सत्तरच्या दशकातली जर्मन गाडी, मूळची पांढरी. म्हातारे गेल्यापासून ती शेडमध्ये सरकीच्या धुळीखाली उभी होती. शेठला ती चालू हवी होती, आणि दसऱ्याला तिच्यात बसून गावात सोनं वाटायला जायचं होतं. त्यांच्या जिनिंगवर त्याच वर्षी दगडफेक झाली होती. गाव अजून आपल्या घराला मानतं की नाही, हे त्यांना त्या गाडीत बसून बघायचं होतं, असं मला वाटे.

उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि शिवी दिली. गाडीत कार्बोरेटरच नव्हता.

आपल्याकडच्या तेव्हाच्या सगळ्या मोटारींत कार्बोरेटर असे. इंजिन हवा ओढतं, हवेच्या ओढीनं पेट्रोल खेचलं जातं, आणि दोन्ही मिसळून आत जातात. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पिचकारी होती, विजेच्या ठोक्यानं उघडणारी. ती किती वेळ उघडी ठेवायची हे एक पत्र्याचा डबा ठरवत होता. हवेचा दाब, इंजिनाचा वेग, इंजिन गार आहे की गरम, याच्या खबरा तारांतून त्याच्याकडे येत.

"काढून फेकतो," उस्ताद म्हणाले. "टॅक्सीचा कार्बोरेटर बसवतो. संध्याकाळी पयते गाडी."

"बापाची गाडी हाय," शेठ म्हणाले. "जशी होती तशीच पायजे. तिच्यातलं एक बी सामान बदललं त मले तोंड नोका दाखवू."

तेव्हा ह्यांना बोलावणं आलं. ह्यांनी डबा उघडला आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. आत आमच्याच दुकानातलं सामान होतं. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कंडेन्सर, जाडजूड, ओळीनं डाग दिलेले. कुठेही न उघडणारी काळी चिप नव्हती. "हा रेडिओच आहे," हे म्हणाले. "फक्त गाणं पेट्रोलचं आहे." त्यांच्या आयुष्यातलं हे एकमेव काव्य असावं.

माझा भाऊ अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. सुट्टीत माहेरी गेले की त्याच्याबरोबर तिथल्या ग्रंथालयात बसून मी अशा डब्यांची माहिती उतरवून आणायची. हे काम मला आवडलं, हे आता सांगायला हरकत नाही. अमेरिकेत पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कुणीतरी असा डबा पहिल्यांदा मोटारीत बसवला होता. पण तेव्हाचे सुटे भाग उन्हाळा-हिवाळा सोसत नव्हते, आणि लोकांनी तो काढून कार्बोरेटरच लावून घेतले. पुढे जर्मनांनी ती कल्पना उचलली आणि ट्रान्झिस्टरवर उभी केली. मग हवेचा दाब बघून अंदाज बांधण्याऐवजी आत शिरणारी हवाच मोजायची पद्धत आली, एका झडपेनं. मग डब्याच्या जागी छोटा संगणक. आमची गाडी त्या साखळीतल्या अगदी सुरुवातीच्या कड्यांपैकी. मी हे वाचून दाखवलं की भिंतीपलीकडून उस्ताद ओरडत, "पाह्य, अमेरिकेनं बी कार्बोरेटरच लावला!"

पहिला हात त्या डब्यानंच उचलला, असं म्हणावं लागेल. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल येतं की नाही ते बघायला मेकॅनिक सरळ नळी उपसतो. दोन थेंब पडतात, बोट पुसतो, झालं. ह्यांनी दहादा सांगितलं होतं की या गाडीत पंप विजेचा आहे, नळीत पेट्रोल दाबून भरलेलं असतं. उस्तादांनी तरी नळी उपसली. पेट्रोलची धार थेट तोंडावर आली. शेजारी उभ्या माणसाच्या बोटांत विडी होती.

मी वही टाकून धावले तेव्हा उस्तादांची दाढी पेटलेली होती आणि हे त्यांच्या तोंडावर गोणपाट दाबून त्यांना जमिनीवर पाडत होते. दोघं लोळत होते. कुणाला वाटलं असतं एकमेकांचा जीव घेताहेत. आग विझली तसं उस्तादांनी पहिलं काय केलं असेल, तर ह्यांना लाथ घातली.

"तुह्या डब्यानं मारलं असतं मले!"

"डब्यानं नाही. नळी तुम्ही काढली."

"चाळीस साल झाले, नळीच काढून राहिलो मी!"

महिनाभर दाढी अर्धीच होती. गल्लीत त्यांना 'अर्धा चांद' म्हणायला लागले, आणि म्हणणाऱ्यांतल्या दोघांनी मार खाल्ला.

गाडीला दोन हिवाळे लागले. ह्यांनी डब्यातला एकेक भाग तपासला, नाही मिळाला तो जुन्या रेडिओतून काढला. पिचकारी उघडते की नाही ते बघायला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवून मूठ कानाला लावत. आत टिकटिक वाजते. एके दिवशी त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी ऐकलं. छोट्या घड्याळासारखं, पण घाईत असलेल्या. त्या दिवशी गाडी चालू झाली.

खांडेनवमीला शेठ गाडी न्यायला आले. आदल्या आठवड्यात अकोल्यात दगड पडले होते, या वेळी कापसावरून नव्हे. दोन मोहल्ले एकमेकांकडे बघत नव्हते, संचारबंदी नुकतीच उठली होती, कोपऱ्यावर पोलीस खुर्च्या टाकून बसले होते. तरी हत्यारांची पूजा ती पूजा. उस्तादही दरवर्षी पाने-पकडी धुऊन आमच्या पाटावर मांडत; त्या वर्षीही मांडले. बॉनेटवर झेंडूची माळ. शेठबरोबर त्यांचा ड्रायव्हर आणि जिनिंगवरचे सात-आठ जण. रस्त्यावरची माणसं गोळा झाली.

गाडी चालू केली. आवाज इतका एकसारखा होता की लोक गप्प झाले. शेठच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. उस्तादांनाही ते दिसलं असणार, आणि आता आपलंही काही दाखवावं असं वाटलं असणार. ते पुढे वाकले आणि वऱ्हाडातला प्रत्येक मेकॅनिक जे करतो ते त्यांनी केलं. चालू इंजिनाच्या बॅटरीची तार उपसली. तार काढूनही इंजिन चालत राहिलं म्हणजे डायनॅमो ठणठणीत. लोक वा म्हणतात.

इंजिन एकदा गरजलं आणि बंद पडलं. ह्यांनी डोळे मिटले. नंतर सांगितलं, त्यांना तेव्हाच कळलं होतं. बॅटरी अचानक सुटली की डायनॅमोची सगळी वीज उसळून डब्यात शिरते. ट्रान्झिस्टर मेले होते.

ड्रायव्हरनं चावी फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. शेठचा चेहरा काळा पडत गेला.

"कोनं मारली माही गाडी?"

गर्दीतून एक आवाज आला, "उस्तादनं तार काढली, म्या पाह्यलं." दुसरा म्हणाला, "मुद्दाम काढली असन. दसऱ्याच्या तोंडावर." हे वाक्य बोलणाऱ्याला मी ओळखते, तो आमचं गिऱ्हाईक होता. जिनिंगची माणसं उस्तादांकडे वळली. एकानं पाटावरचा पाना उचलला. कुंकू लागलेला. मला एवढंच आठवतं की कोपऱ्यावरचा पोलीस खुर्चीवरून उठला नाही.

हे पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा मोठा आवाज ऐकला.

"तारेनं काय होते? तार तं सगळेच काढतात. डबा कच्चा होता. डबा म्या बनवला."

लोकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो म्हणाला, "हाव, तार तं मी बी काढतो." आणि तेवढ्यानं उस्तादांवरचा आळ मिटला, कारण तिथं उभ्या प्रत्येकानं कधी ना कधी ती तार काढलेली होती.

शेठनी ह्यांच्या तोंडात मारली. चष्मा उडाला. तो उचलायला हे वाकले तेव्हा आधाराला उजवा हात गाडीच्या पुढच्या कडेवर होता. ड्रायव्हरनं बॉनेट खाली आदळलं. त्यानं बघून आदळलं की न बघता, यावर मी पुष्कळ रात्री विचार केला आहे. आवाज लाकूड मोडल्यासारखा होता. झेंडूची माळ तशीच वर राहिली.

दवाखान्यात उस्ताद बाहेरच्या बाकावर बसले होते. मला बघून म्हणाले, "भाभी, मी म्हनलो होतो का नाही? कार्बोरेटर बसव म्हनलो होतो." त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी आत गेले. ह्यांनी मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "त्याला सांगू नको."

"काहून?"

"आज सांगितलं तर तो आत्ता उठून शेठकडे जाईल सांगायला. जिवंत येणार नाही."

शेवटची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. हे अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत सोल्डरिंग आयर्न धरायला शिकले. डाग पूर्वीसारखे गोल येत नसत. शेठनी परतवाड्याला नेऊन गाडीत टॅक्सीचा कार्बोरेटर बसवून घेतला. मेलेला डबा आमच्याकडेच राहिला.

वर्षं गेली. नव्या छोट्या गाड्या आल्या, त्या सगळ्या पिचकारीच्या. उस्ताद पुष्कळ दिवस चिडून बसले, मग पोटासाठी अमरावतीला मेकॅनिकांच्या एका शिबिराला गेले. दुपारी तिथं शिकवणाऱ्यानं सांगितलं, इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची नाही, डबा जळतो.

ते शिबिर अर्धवट टाकून मिळेल त्या बसनं अकोल्याला आले. मी दुकानातच होते. आत आले ते हातात बॅग तशीच घेऊन, आणि ती बॅग त्यांनी काउंटरवर हाणली. काच फुटून आत रेडिओंवर पडली. मग ह्यांची कॉलर धरून एक थोबाडीत दिली. शेठनी दिली होती त्याच गालावर.

"काहून नाही सांगितलं बे? इतके साल! तुले मालूम होतं!"

ह्यांनी उजवा हात पाठीमागे घेतला.

"हड्डी माही मोडायची होती. तू कोन मधात पडनारा? मी तुह्या तोंडावर रोज म्हनत होतो, डबा कच्चा, डबा कच्चा. तू ऐकून घेत राहिला!" दुसरी थोबाडीत. "हसला असशीन मनात!"

"एकदा," हे म्हणाले. ओठ फुटला होता. "तुमची दाढी आधीच जळली होती उस्ताद. म्हटलं आता एवढं राहू द्यावं."

उस्तादांनी तिसऱ्यांदा हात उचलला, आणि तो तसाच वर राहिला. मग त्यांनी ह्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि ती दोन बोटं सरळ करायला लागले, जोर लावून, एखादी वाकलेली सळई सरळ करावी तसं. ह्यांना दुखत होतं. मी ओरडले. उस्ताद थांबेनात. शेवटी हेच म्हणाले, "असू द्या, ती आता तशीच बसली आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर जीपची काच होती. उस्तादांना दुसरी काच विकत आणायची अक्कल नव्हती असं नाही. गॅरेजातली, स्वतःच्या हातानं काढलेली बसवायची होती. ती वळलेली आहे हे दोघांनाही दिसत होतं. त्यानंतर पेन पडला की हे उचलत आणि भिंतीवर एक थाप मारत, आणि पलीकडून शिवी येई.

वैशाखात दारात शववाहिनी आली. जुनी व्हॅन, वरून पत्र्याचा कळस बसवलेली. ह्यांना आत ठेवलं. ती सुरू होईना. चार जणांनी ढकलली तेव्हा धडधडत चालू झाली, आणि बंद पडेल या भीतीनं चालकानं बॉनेट उघडलं. "चार्जिंग घेते का पाह्यतो," म्हणत त्यानं बॅटरीच्या तारेकडे हात नेला.

उस्ताद खांद्यावरचा पंचा सावरत मागे उभे होते. आता ते काठी घेऊन चालतात. ती काठी चालकाच्या मनगटावर इतक्या जोरात बसली की तो कळवळून खालीच बसला.

"हात नोको लावू! डबा मरते!"

"चाचा," तो मनगट धरून म्हणाला, "जुनी गाडी हाय. कार्बोरेटरची. हिच्यात डबाच नाही."

उस्तादांनी वाकून आत पाहिलं. त्याचं खरं होतं. ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पण त्यांनी काठी खाली केली नाही. इंजिन चालू होतं, सगळे थांबले होते, आणि बॅटरी आणि माणसं यांच्या मध्ये ते उभे होते.

"नसू दे," ते म्हणाले. "आज कोनी तार काढनार नाही."

मग त्यांनी स्वतः बॉनेट लावलं. आदळलं नाही. आधी कडेवर कुणाचा हात नाही ना, ते पाहिलं.