न जेवणाऱ्या मुलांचा वर्ग

परचुरे बाई दार उघडल्यावर 'या, बसा' म्हणत नसत. 'आज काय खाल्लंत?' असं विचारत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, माझ्या मुलीबद्दलच विचारताहेत. मी उंबऱ्यातच सुरू झाले. सकाळी नाचणीचं सत्त्व केलं, ते तिने थुंकून टाकलं. मग केळं दिलं, ते कुस्करून फरशीला फासलं. मग…

'तुमच्या मुलीला मी ओळखतसुद्धा नाही,' बाई म्हणाल्या. 'मी तुम्हाला विचारतेय.'

मला आठवेना. मुक्ताने टाकलेला मऊ भात मी ओट्याशी उभ्याने, पातेल्यातूनच संपवला होता. त्याला जेवण म्हणावं का, हे ठरवता येईना.

'चपला तिकडे काढा,' बाई म्हणाल्या. 'आठवलं की सांगा.'

नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत त्या दर रविवारी वर्ग घ्यायच्या. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'न जेवणाऱ्या लहान मुलांसाठी सोपे पदार्थ'. बाई साठी ओलांडलेल्या, उंच, हाडकुळ्या. कडक इस्त्रीचं सुती पातळ, आणि आवाज असा, की आपल्या हातून काहीतरी सांडलंय असं समोरच्याला आपोआप वाटावं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या वर्गाला गेलेल्या बायका हल्ली भेटल्या की हळव्या होऊन बोलतात. मला नवल वाटतं. मी तिथे जात होते त्या काळात मला त्यांचा सतत रागच यायचा.

मी गेले होते ती अडचणीत सापडून. दोन हजार साल जवळ आलं होतं, ते उजाडताच जगभरचे संगणक गोंधळणार म्हणून कंपन्या मिळेल त्याला कामावर घेत होत्या. मुक्ता झाल्यावर सुटलेलं काम मलाही पुन्हा मिळत होतं. ही संधी गेली तर परत कुणी बोलावणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. नवरा सकाळी सातला भोसरीला जायचा, सासू-सासरे सांगलीला, आणि आम्ही कात्रजला नव्या इमारतीत. तिथले शेजारीही आमच्यासारखेच, सकाळी दाराला कुलूप लावून जाणारे. राहता राहिलं पाळणाघर. ते चालवणाऱ्या शिंदे काकूंनी स्पष्ट सांगितलं, 'एकेकाला भरवत बसायला माझ्याकडे हात नाहीत. आपापली जेवत असेल तर आणा. नाहीतर मी फोन करणार आणि तुम्ही घेऊन जाणार.'

नोकरी एक तारखेपासून होती. आणि अडीच वर्षांची मुक्ता आपापली काय, दुसऱ्याच्या हातूनही जेवत नव्हती. पांढरा भात, साखर घातलेलं दही आणि पापड. यापलीकडचं काहीही दिसलं की ओठ शिवल्यासारखे मिटायची. तेव्हा मला हवे होते पदार्थ. डॉक्टरकडे औषध मागावं तसे.

बाईंनी ते शिकवले नाहीत असं नाही. लाल भोपळ्याचे घारगे, दुधी किसून घातलेलं मुगाचं धिरडं, ताकातली उकड. चांगले होते, पटकन होणारे होते. पण त्या शिकवायच्या अशा, की जणू आम्ही दळण टाकायला आलोय. 'मुलांचा म्हणून वेगळा पदार्थ नसतो. मिरची काढली की झाला मुलांचा.' आमच्यात बँकेत अधिकारी असलेली एक जण होती. तिने विचारलं, 'बाई, धिरड्याला सशाचा आकार दिला तर?'

'द्या की. मग ससा खात नाही म्हणून सांगायला या.'

वर्ग चालू असतानाच बाराच्या सुमाराला बाईंची जेवायची वेळ व्हायची. घरात एकट्या, पण पान वाढून घ्यायच्या सगळं. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड; उजवीकडे भाजी. आम्ही पाच-सहा जणी समोर बसलेल्या. 'घ्या थोडं,' त्या म्हणायच्या. आम्ही एका सुरात 'नको, नको'. बाई पोळीचा तुकडा मोडत म्हणायच्या, 'नको म्हणायला मुलं कुठे शिकतात, कोण जाणे.'

एकदा त्यांनी गॅस पेटवलाच नाही. मला पुढे बोलावून पाटावर बसवलं, सकाळचा गार मऊ भात वाटीत घेतला आणि चमचा माझ्या तोंडापुढे धरला. 'आ कर. शहाणं बाळ ना ते? हा घास काऊचा.' बाकीच्या हसायला लागल्या. मी घास घेतला. तो गिळायच्या आत दुसरा ओठांना टेकला. 'पटापट. मला कामं आहेत. अगंबाई, खिडकीत कोण आलं?' मी खिडकीकडे बघितलं, तेवढ्यात तिसरा आत. पुढच्या घासाला मी तोंड फिरवलं. बाईंनी डाव्या हाताने माझी हनुवटी धरली. मी चमचा ढकलला. भात सगळा माझ्या ओढणीवर.

बाई बाकीच्यांकडे वळल्या. 'बघा, हीसुद्धा खात नाही. टॉनिक सुरू करू या का?'

मी इतकी संतापले होते की ओढणी धुताना नळ जोरात सोडला. 'पटलं मला. पण करायचं काय ते सांगा ना.'

'तिचं ताट वाढायचं. समोर आपलं घेऊन बसायचं. आपण जेवायचं. तिच्या ताटात बघायचं नाही. आपलं झालं की दोन्ही ताटं उचलायची.'

'आणि तिने खाल्लं नाही तर?'

'तर ती जेवली नाही. तेवढंच.'

मी आठवडाभर तसं केलं. सांगायला सोपं आहे. समोर मूल ताटातल्या भाजीतून बोट फिरवतंय, आणि आपण मात्र पडवळ फार आवडत असल्यासारखं चावत बसायचं. मुक्ता माझ्याकडे अशी बघायची, की आईला काहीतरी झालंय. पापड संपवायची आणि उठायची. मग संध्याकाळपर्यंत किरकिर, रात्री रडारड. नवरा म्हणाला, 'अगं, दे ना तिला दही-साखर. कशाला हट्ट?' त्याला काय, तो सातला घराबाहेर.

एक तारीख चार दिवसांवर आली तेव्हा मी मुक्ताला कडेवर घेऊन बाईंच्या दारात उभी राहिले. त्या नुकत्याच मंडईतून आल्या होत्या, भाजीची पिशवी अजून हातातच होती. त्यांना नेहमीचा प्रश्न विचारायची मी संधीच दिली नाही.

'तुमच्या सांगण्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. पोरगी वाळली माझी. तुम्हाला बोलायला काय जातं? तुमची मुलं मोठी झाली, आता दुसऱ्यांच्या मुलांवर…'

'मला मूल नाही,' बाई म्हणाल्या.

मी मुक्ताला कडेवरून खाली उतरवलं.

'मुलींच्या वसतिगृहावर होते. सगळी नोकरी जेवणघरात उभं राहून झाली. मूल नाही म्हणून तर मला घाई नाही. तुमची घाई बघून माझीसुद्धा भूक मरते. बसा.'

हे आधी कळलं असतं तर मी त्या जाहिरातीकडे ढुंकून बघितलं नसतं. मूल नसलेली बाई मला मूल जेववायला शिकवणार! बाईंनी एक धिरडं केलं आणि ताटलीत घालून मुक्तापुढे ठेवलं. मुक्ताने ते उचललं, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि बाईंच्या पायावर टाकलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

'घ्या,' मी म्हटलं.

बाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. 'तुम्ही समोर आहात ना. तिला घास दिसतच नाही, तुमचं तोंड दिसतं. जेवली तर आई सुटली, नाही जेवली तर आई दिवसभर हिच्यापाशी. तुम्ही तिच्या जागी काय केलं असतं? एक तारखेला खुशाल पाळणाघरात सोडा.'

'पण काकू म्हणाल्यात, जेवत नसेल तर नेऊन ठेवू नका.'

'त्यांना सांगा, जेवते.'

'खोटं बोलू?'

'अजून घडलेलं नाही, तेवढंच.'

एक तारखेला मी शिंदे काकूंना 'जेवते' असं सांगितलं आणि पुढच्याच दमात 'तशी खात नाही हो काहीच' असंही सांगितलं. काकू म्हणाल्या, 'नक्की काय ते ठरवा. आज ठेवून घेते, मग बघू.' मुक्ता रडली. मी मागे न बघता निघाले. ऑफिसमध्ये कुणी काय समजावून सांगत होतं ते कानांवरून जात होतं. काकूंचा फोन आला की उठायचं, आणि उठले की ही नोकरी संपली, एवढंच डोक्यात. डबा उघडलाच नाही. फोन येईना, तेव्हा जेवणाच्या सुटीत खाली जाऊन पीसीओवरून मीच केला.

'जेवली की,' काकू म्हणाल्या. मागे मुलांचा गलका चालू होता. 'सगळ्यांच्यात बसली पंक्तीला. आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. आणि तुम्ही म्हणत होतात, खात नाही म्हणून!'

अशा वेळी म्हणे डोळे भरून येतात. माझं डोकं फिरलं. दोन वर्षं मी किसलं, गाळलं, भाज्या पिठात लपवल्या, गाणी म्हटली, सगळ्या इमारतीचे कावळे दाखवून झाले. आणि ह्या मुलीने एका परक्या बाईकडे पहिल्याच दिवशी आमटी मागून घेतली.

संध्याकाळी तिला स्कूटरवर पुढे उभी केली आणि तडक नारायण पेठ गाठली. बाई देवापाशी दिवा लावत होत्या. मी सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, भांडलेच. 'म्हणजे तिला माझ्याच हातचं नको होतं?'

बाईंनी काडी विझवली. 'मग तुमची काय अपेक्षा होती? तिने उपाशी राहून तुमची बाजू राखावी?'

मुक्ता जिन्यात पायरीवरून उड्या मारत होती. बाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, 'नोकरी टिकली ना? मग आता येऊ नका. राहिलेल्या वर्गांत नुसते लाडू आहेत.' आणि दार लावून घेतलं. मी खरंच परत गेले नाही, त्यांनीही कधी चौकशी केली नाही. त्या गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आमटी केली, चिंच-गुळाची. दोन ताटं वाढली. मुक्ताने वाटीत बोट बुडवलं, चाटलं आणि वाटी लांब सरकवली.

'नको,' ती म्हणाली. अगदी शांतपणे.

मी माझा भात कालवला. माझी वाटी संपवली, मग तिचीही ओढून घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आमटी चांगली झाली होती.