काचेतले मामंजी

चावीमावशीला ओळखत नाही असा माणूस आमच्या संग्रहालयात सापडायचा नाही. सगळ्या दालनांच्या चाव्या तिच्या कमरेला, तोंडाला मात्र कुलूप नाही. मी तिकीट खिडकीवर बसते, त्यामुळे मला तिचं बोलणं फुकटात ऐकायला मिळतं.

तळमजल्यावर काचेच्या पेटीत हजारो वर्षांपूर्वीचा एक सांगाडा आहे, उशाशी भाला. पाटीवर लिहिलंय, 'शिकारी पुरुष'. मावशी त्याला मामंजी म्हणते. काच पुसतानाही मान खाली! मी म्हणायचे, "अगं, हाडांना कसली लाजतेस?" तर म्हणे, "परका बाप्या आहे, उगाच डोळे वर करून बघायचं का?"

आणि या बाईच्या लेकीची निवड कुठे व्हावी? अग्निशमन दलात! मावशीनं घर डोक्यावर घेतलं. लेकीला दंडाला धरून पेटीसमोर उभं केलं. "बघ! तेव्हापासून भाला बाप्याच्या हातात. बायकांनी चूल सांभाळली. मलाही बस चालवायची होती, पण बाप म्हणाला, असलं कधी झालं नाही. मी ऐकलं. काही मेले नाही." पोरगी धडधाकट, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. होकार कळवायची मुदत संपत आली होती, तरी तिनं कळवला नव्हता.

काल हाडांच्या तज्ज्ञ बाई आल्या. सांगाड्याचे दात तपासायला नेले होते, त्याचा निकाल घेऊन. म्हणाल्या, "पाटी बदला. हा पुरुष नाही, बाई आहे."

माझ्या कपातला चहा हिंदकळला. मावशीच्या हातातलं फडकं गळून पडलं. "अहो, काहीतरीच काय! मग पुरुष म्हणून लिहिलं कोणी?"

"भाला दिसला, म्हणून लिहून टाकलं. तपासलंच नाही कोणी."

"कोणीच नाही?" मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "नुसतं ठोकून दिलं? आणि मी बसले ते खरं धरून! मेले गं बाई, अख्खा जन्म!" तिला एवढी हादरलेली मी कधी पाहिली नव्हती. तिनं तिथेच लेकीला फोन लावला, स्पीकरवर. "ऐक, तू जा. त्या आगीच्या नोकरीवर जा. मी अडवत नाही."

पलीकडून लेक हळूच म्हणाली, "आई, मी सकाळीच नकार कळवला. जागा दिलीसुद्धा त्यांनी दुसऱ्याला. तुझंच ऐकलं ना मी."

मावशी फोनवर ओरडली, "अगं बये, माझं ऐकलंसच कशाला!"