बकुळीचे पाणी

माझ्या मुलीचे मूत्राशय जन्मतःच निकामी होते. ती शाळेत जाऊ लागल्यावर काही वर्षांनी डॉक्टरांनी तिच्याच आतड्याचा तुकडा घेऊन तिला नवी पिशवी करून दिली. बेंबीजवळच्या लहानशा छिद्रातून दर काही तासांनी नळी घालून ती रिकामी करायची. परंतु आतडे पिशवी झाले तरी आपला स्वभाव सोडत नाही; त्यातून चिकट स्राव पाझरत राहतो, त्याभोवती क्षार साचतात आणि खडा धरतो. म्हणून रोज संध्याकाळी मी सलाइनने पिशवी धुऊन काढी, आणि सकाळी तिच्या दप्तरात पाण्याची मोठी बाटली ठेवी. बाटली रोज रिकामी परत येई. ती विसळताना मला फार बरे वाटे.

तरीही खडा झालाच. आवळ्याएवढा.

"पाणी पिते ना भरपूर?" डॉक्टरांनी विचारले.

"रोज बाटली संपवते," मी म्हणाले. तेही बुचकळ्यात पडले. पिशवी उघडून त्यांनी खडा काढला.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर मुरगूडच्या एक काकू होत्या. आवाज असा, की जिन्यापर्यंत ऐकू जावा. माझी मुलगी पेला नुसता ओठांना लावून ठेवते हे त्यांनी पाहिले.

"पी की गं पोरी! एवढा धोंडा काढला, आता काय पोटात देऊळ बांधायचं हाय व्हय?"

ती टाक्यांवर हात दाबून हसली. "काकू, हसवू नका की! दुखतंय."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आई, बकुळीला पाणी कोण घालत असेल गं?"

"कुठल्या बकुळीला?"

"शाळेतल्या. मुलींच्या संडासामागं आहे ती."

थांबत थांबत तिने सांगितले. त्या संडासाच्या दाराला कडी नव्हती. नळी घालायला दोन्ही हात लागत. दार धरायला तिसरा हात कुठून आणायचा? एकदा कोणीतरी दार ढकलले होते. तेव्हापासून ती शाळेत पाणीच पीत नसे. आणि मी बाटली पाहते, हे तिला ठाऊक होते; म्हणून घरी येण्याआधी ती बकुळीच्या मुळाशी रिकामी होई.

"एवढ्या मोठ्या शाळंला एक कडी मिळाली न्हाय?" काकू म्हणाल्या, पण या वेळी आवाज चढला नाही.

तिच्या वडिलांनी स्वतः जाऊन कडी बसवली. ती पाणी पिऊ लागली. तरीही पुढे खडे होतच राहिले. डॉक्टर ते दुर्बिणीतून फोडून काढत, आणि मधल्या काळात जंतुसंसर्गाने मूत्रपिंडे थकत गेली. कॉलेजचे पहिले वर्ष तिने डायलिसिसच्या खुर्चीत अभ्यास करीत काढले. मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकीनात, म्हणून आता पाणी मोजून द्यायचे होते. जिला इतकी वर्षे 'पी, पी' म्हणून विनवले, तिच्या हातातून मी तांब्या काढून घेऊ लागले.

ती गेली त्याच्या काही दिवस आधीची गोष्ट. ओठ सुकून गेले होते.

"आई, एक घोट दे की."

"बाळा, आजचं संपलं."

तिने डोळे मिटले. मला वाटले, झोप लागली.

"मग बकुळीकडून थोडं परत मागून आण," ती म्हणाली, आणि हसली.

मी कापूस भिजवला, पिळला आणि तिच्या ओठांवरून फिरवला.