बायकांची सोय

आळेफाट्याला आमचं मिसळीचं हॉटेल होतं, आणि भिंतीला भिंत लावून शेठांचं कचोरी-जिलेबीचं. शेठ मूळ राजस्थानचे, पण दोन पिढ्या इथंच गेलेल्या. भांडायचे ते चोख मराठीत. भांडण कायम एकाच गोष्टीवरून: नाशिकला जाणारी एसटी कुणाच्या दारात थांबणार?

फाट्यावरचा रिवाजच होता तसा. ज्याच्या दारात गाडी थांबेल त्यानं ड्रायव्हर-कंडक्टरला फुकट जेवू घालायचं. आम्ही अंडाबुर्जी सुरू केली की शेठांकडं रबडी यायची. शेठांनी पंखा लावला की आमचे मालक, म्हणजे आमचे हे, कूलर आणायचे. ड्रायव्हर म्हणजे जावई झाले होते अगदी! एकानं तर भाकरी करपली म्हणून तोंड फिरवलं आणि गाडी शेठांकडं लावायला सुरुवात केली. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण करते काय!

मग नव्वदचं दशक सरता सरता नाशिक रस्त्याला थोडं पुढं एक भलंमोठं हॉटेल उभं राहिलं. समोर ट्रक वळेल एवढं पटांगण. सगळ्या गाड्या तिकडं. आमची तर्री दुपारपर्यंत पातेल्यात तशीच. मालक म्हणाले, "दिवाळी झाली की गावी लोणीला जाऊ. शेती हाय की आपली." लोणीचं मला काही वाकडं नव्हतं, पण हे हॉटेल माझ्या हातचं.

त्याच सुमाराला भाचीच्या लग्नाहून नाशिकवरनं परत येत होते. गाडी नेमकी त्या हॉटेलात थांबली. रागानं खाली उतरणारच नव्हते, पण पोट कुणाचं ऐकतं का? चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, वड्यात मीठ नाही. पण मागं बायकांसाठी वेगळं संडास-बाथरूम, पाणी, दिवा, आतून कडी. एकच होतं, त्यामुळं बायांची ही भली मोठी रांग. रांगेत उभ्या उभ्या मला हसूच फुटलं. इतकी वर्षं आम्ही दोन्ही घरं ड्रायव्हरची सरबराई करत बसलो, आणि गाडीतल्या बायका आमच्या मागच्या बाभळीआड जीव मुठीत धरून जायच्या!

घरी आल्या आल्या शेठांच्या बायकोला गाठलं. आमच्या मागं जागा होती, पण पाण्याची बोंब. त्यांच्याकडं बोअर होती, जागा नव्हती. भाभी म्हणाल्या, "ताई, मी कधीची सांगतेय. ह्यांना ऐकू जाईल तर शपथ!"

मालक भडकले, "त्यांच्या पाण्यावर आपण जगायचं?" तिकडं शेठ म्हणाले, "त्यांच्या जागेत मी विटा लावू?" आम्ही दोघींनी सरळ सांगून टाकलं, पटत नसेल तर उद्यापासून भट्टी तुम्हीच पेटवा.

चार संडास-बाथरूमचं बांधकाम झालं. दोन्ही हॉटेलांच्या मध्ये मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून घेतली: बायकांची स्वतंत्र सोय. मालक लाजून चूर. "अगं, हॉटेलच्या तोंडावर असलं लिहित्यात व्हय?"

"लिहित्यात," मी म्हटलं.

पण गाड्या काही थांबेनात. ड्रायव्हरांना पुढं ताट मिळत होतं ना! आम्ही दोघी रोज दारात उभ्या, आणि एसट्या धूळ उडवत जायच्या. भाभींसमोर कितीदा तरी रडू आवरलं मी.

एका सकाळी नारायणगावकडनं आलेली गाडी अशीच पुढं गेली आणि करकचून थांबली. आत बायकांचा नुसता कालवा. आधी एक म्हातारी उतरली, मागोमाग बाया, पोरंसोरं. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आजी, पुढं म्होटं हॉटेल हाय, तिथं थांबतोय ना!"

"तिथं रांगंत कोन हुबं ऱ्हाईल?" म्हातारी म्हणाली. "तुला तिथंच जेवायचं आसंल तर जा की चालत. आमी हितंच उतरनार."

आम्ही दोघी बादल्या घेऊन धावलो. थोड्या वेळानं म्हातारी पदराला हात पुसत आली आणि आमच्या बाकावर ऐसपैस बसली. मालकांनी मिसळीचं पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं. शेठ स्वतः जिलेबी घेऊन आले. ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"बसा भाऊ," मालक त्याला म्हणाले. "आधी पाशिंजर. मग तुमचं आणतो."